निळी म्हैस

सेक्टर २ मधल्या बालवाडीच्या भिंतीवर कमलिनीनं पिवळं शेत, तांबडा डोंगर आणि मधोमध एक निळी म्हैस रंगवली होती. म्हशीला ना डोळे, ना शेपटी. नुसता पाठीचा बाक, दोन शिंगं आणि चार जाड पाय. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. त्या सकाळी तिचा नवरा अरुणकुमार भिंत पाहून एवढंच म्हणाला, "डोळे कावून नाही काढले? लोकं हसतीन ना!"

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोडणीत मोहरी जळाली. दुपारी रिक्षा करून ती पुन्हा बालवाडीत गेली आणि काळ्या रंगानं म्हशीला एक टपोरा डोळा काढला.

झाडलोट करणारी सिंधुताई मागं येऊन उभी राहिली. "बाई, आतापर्यंत ती चरून राहिली होती. आता माह्याकडंच पाहून राहिली."

कमलिनीला ते पटलं, म्हणूनच ती चिडली. तिनं निळ्या रंगानं डोळा बुजवला, पण गडद डाग उरलाच.

उद्घाटनाला एका साहेबांच्या पत्नीनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"डोळा होता. मी मिटवला," कमलिनी म्हणाली.

कोणी हसलं नाही, कोणी वाखाणलंही नाही. चहा झाला, लोक पांगले. घरी जायचं सोडून ती जवळच्या कोहका गावच्या तळ्याकडं वळली. पाण्यात म्हशी डुंबत होत्या. त्यांच्या पाठी न्याहाळत ती कितीतरी वेळ उभी राहिली, आणि आपल्याला पाठीचा बाकच नीट साधला नाही, असं तिला वाटत राहिलं.