घाबरट

"गॅस बंद करा हो वन्सं," बाई पाटावर बसल्या बसल्याच म्हणाल्या.

"गॅस बंद करते." वन्संनी बटण फिरवलं. "गॅस बंद केला."

आणि बटणावर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

त्या कशासाठी थांबल्या आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच शब्द म्हणून दाखवायचे, मग करायचं, आणि सांगणाऱ्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही, अशी रीत होती. वन्सं तिथे पाळीप्रमुख होत्या. आयुष्य तिथे घालवल्यावर ही सवय चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. एरवी बाई मुद्दाम गप्प बसून नणंदेला ओट्यापाशी ताटकळत ठेवत आणि मग पोट धरून हसत. आज मात्र त्या खरोखरच रागावल्या होत्या, म्हणून गप्प होत्या.

"बरोबर, आत्या," बाईंच्या लेकीनं मांडीवरच्या तान्ह्या ठमीला थोपटत म्हटलं, तेव्हा कुठे वन्संचा हात सुटला.

दुपारपासून गावात वीज नव्हती. केंद्र एकाएकी बंद झालं होतं. मेणबत्तीच्या उजेडात तिघी जेवायला बसल्या आणि बाईंनी शाळेतली हकिकत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बाई मुलांना भाषा शिकवत आणि दरवर्षी त्यांचं एक नाटक बसवत. यंदाच्या नाटकात राजा शेवटी मरतो. मुलांना तालमींत रडवून रडवून त्यांनी तो प्रवेश उभा केला होता.

"राजा मरायचाच राहिला हो!" बाई म्हणाल्या. "तलवार छातीपर्यंत आली, आणि दिवे गेले. अंधारात सेनापतीनं राजाला असा धक्का दिला की तो पडला तो थेट पहिल्या रांगेत, पालकांच्या अंगावर. मुकुट अजून सापडला नाही."

लेक हसू दाबायला खाली वाकली. वन्संनी ताटातली नजर वर केली नाही.

"कुठल्या घाबरटानं बटण दाबलं कोण जाणे. तुम्हाला ठाऊक असेल की वन्सं."

"असेल कोणीतरी घाबरट," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे ठाऊक आहे."

"चौकशी चालू आहे वहिनी. ती पुरी झाल्याशिवाय घरी बोलायचं नाही, असं आहे आमच्यात."

"पाहिलंस?" बाई लेकीकडे वळल्या. "म्हणजे काहीतरी झालंय. उगाच का कोणी चौकशी करतं? आणि तू म्हणतेस, पोर इथे आणते."

सगळी मेख इथे होती. लेक परिचारिका होती. नवरा जहाजावर, वर्षातले निम्मे दिवस समुद्रात. परक्या शहरात ती ठमीला घेऊन एकटी राहत होती. गावच्या रुग्णालयात तिला जागा मिळत होती. हो किंवा नाही, ते या आठवड्यात कळवायचं होतं. लेकीची ओढ सरळ सरळ माहेरकडे होती. पण आईनं मनापासून 'ये' म्हटल्याशिवाय यायचं नाही, हेही तिनं ठरवलं होतं, आणि बाईंच्या तोंडून तो शब्द काही केल्या निघत नव्हता. भावजय आणि नणंद, दोघी एका घरात इतकी वर्षं राहिल्या. बाईंचे यजमान गेल्यावर तर एकमेकींच्या आधारानंच राहिल्या. केंद्रात काळजी कशी घेतात, ते वन्संनी किती वेळा समजावून सांगितलं होतं. बाई ऐकून घेत, मान डोलवत आणि शेवटी म्हणत, "माझं काय, माझं झालंय आयुष्य. पण ठमीला मी त्या धुराड्यांच्या सावलीत वाढू देणार नाही."

"धुराडं नाही गं ते. वाफ असते ती," वन्सं म्हणत.

"तुमची वाफ तुम्हाला लखलाभ."

आजही तेच झालं. फरक एवढाच की वन्संनी वाफेचं काही काढलं नाही. लवकर हात धुतले आणि झोपायला गेल्या.

रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांची सभा होती. केंद्र जुनं झालं होतं. त्याची मुदत वाढवावी की नाही, यावर गावाचं म्हणणं ऐकायला शहरातून माणसं आली होती. बाई वेळेआधीच जाऊन मधल्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर टोकाच्या खुर्चीत वन्सं दिसल्या. 'शोभेला बसवलंय बिचारीला,' असं मनाशी म्हणून बाईंनी चष्मा पुसला.

जनसंपर्क अधिकारी बोलायला उभे राहिले. गोड बोलणारा, नीटनेटका माणूस. "घाबरण्याचं काहीही कारण नाही," असं ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. प्रत्येक वेळी सभागृहात खुर्च्या करकरत होत्या. इतक्यांदा सांगावं लागतंय म्हणजे कारण असणार, हे लहान मुलालाही कळलं असतं. प्रश्नांची वेळ आली तेव्हा बाई उठल्या. त्यांना माइकची गरज नव्हती.

"परवा केंद्र बंद का पडलं?"

"तांत्रिक कारणामुळे, मॅडम."

"गृहपाठ न केलेला मुलगा मला 'घरगुती कारणामुळे' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. कारण विचारलंय, त्याचं आडनाव नाही."

सभागृह हसलं. अधिकाऱ्यांनी कागद चाळले, मग व्यासपीठाच्या टोकाकडे पाहिलं. वन्सं आधीच उठल्या होत्या. त्यांनी माइक हातात घेतला.

"प्रश्न असा आहे की परवा केंद्र बंद का पडलं," त्या म्हणाल्या. कुणीतरी खुदकन हसलं. "पडलं नाही. बंद केलं. मी केलं."

बाई बसायच्या बेतात होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"चौकशी काल संध्याकाळी पुरी झाली, म्हणून आज सांगते," वन्सं म्हणाल्या. "पाण्याची पातळी दाखवणारे काटे असतात. एकाच टाकीचे. सगळ्यांनी एकच सांगायला हवं. परवा त्यांच्यात फूट पडली. एक म्हणे पाणी आहे, दुसरा म्हणे कमी होतंय. नियमानं मला थोडा वेळ थांबून बघता आलं असतं. पण कुठला काटा खरा, ते मला कळत नव्हतं. आणि कळत नसताना अणुभट्टी चालू ठेवायची नसते. मी बंद केली."

"मग कुठला काटा खरा निघाला?" मागून एका दुकानदारानं विचारलं.

"पाणी आहे म्हणणारा. पाणी पुरेसं होतं. दुसऱ्या काट्याच्या नळीत हवा अडकली होती."

"म्हणजे काही झालंच नव्हतं?"

"काही झालं नव्हतं."

"मग सगळं गाव उगाचच अंधारात बसवलंत?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "उगाचच."

जनसंपर्क अधिकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. सभागृहात कुजबुज झाली, वाढली, आणि मग आपोआप विरली, कारण वन्सं खाली बसल्या नव्हत्या. आणखी कोणाला काही विचारायचं असलं तर विचारा, अशा त्या उभ्या होत्या.

"आणि पुन्हा तसंच झालं तर?" दुकानदाराचा आवाज आता जरा उतरला होता.

"पुन्हा बंद करीन."

"पुन्हा उगाच निघालं तर?"

"तर पुन्हा बोलणी खाईन. घरी खाऊन झालीच आहेत." लोक हसले. वन्सं हसल्या नाहीत. "साहेब म्हणाले, घाबरण्याचं कारण नाही. तुम्हाला नसू दे. आम्हाला आहे. त्या खुर्चीत बसून ज्या दिवशी मला भीती वाटेनाशी होईल, त्या दिवशी मला घरी पाठवा."

"आत कोणी रागावलं नाही तुमच्यावर?" हा प्रश्न एका तरुण मुलीनं विचारला.

"आमच्याकडे थांबवणाऱ्याला रागावत नाहीत. चालू ठेवणाऱ्याला विचारतात, का चालू ठेवलंस. पुढच्या पाळीचा प्रमुख आला, त्यानं मला चहा आणून दिला. निम्मा माझ्या हातून बशीत सांडला."

"बाई, बसा ना," मागचा माणूस म्हणाला, तेव्हा आपण अजून उभ्याच आहोत हे बाईंच्या लक्षात आलं. त्या बसल्या. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. एवढ्या वर्षांत किती मुलं हाताखालून गेली. 'बाई, मला येत नाही' असं भर वर्गात उभं राहून म्हणणारी त्यांत किती होती? आणि ही इथे भरल्या गावासमोर म्हणते, मला कळत नव्हतं. चुकले म्हणते, आणि पुन्हा असंच चुकेन म्हणते. बाईंना आपल्या नणंदेचा इतका अभिमान वाटला की त्यांना तिचा रागच आला. त्या रात्री समोर बसून निमूट जेवली, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही!

दोघी पायीच घरी निघाल्या. दुकानं उघडी होती, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते.

"मी तुम्हाला घाबरट म्हटलं," बाई म्हणाल्या.

"मग? खोटं काय होतं त्यात?"

"राजाचं ऐकून हसू नाही आलं तुम्हाला?"

"खूप आलं. म्हणून तर वर बघत नव्हते."

बाईंनी वन्संच्या दंडाला हलकीच चापट मारली. कोपऱ्यावर आल्या तशा त्या थांबल्या.

"आता तुम्हीच सांगा वन्सं. ठमीला इथे आणावं का? तुम्ही हो म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही."

बाईंना वाटलं, आता ती हो म्हणेल. भिण्यासारखं काही नाही, हेच तर इतकी वर्षं म्हणत आलीय.

"ते मला नको विचारूस," वन्सं म्हणाल्या.

"का?"

"मी तिथली. आपण केलेलं आपणच तपासायचं नसतं, दुसऱ्यानं तपासायचं. इतके दिवस मी तुला समजावत होते, तेच माझं चुकत होतं. तू येऊन बघ. नागरिकांची समिती आहे आमच्याकडे. आत यायचं, वाटेल ते विचारायचं. तिथे माणसं मिळत नाहीत आम्हाला."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आज सगळ्या सभेत कळण्यासारखा प्रश्न तुझाच होता."

"मी आले तर तुमच्या त्या गोडबोल्या साहेबांना पळता भुई थोडी होईल."

"म्हणून तर ये म्हणते."

रस्ता ओलांडताना बाईंनी नणंदेचा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

घरात लेक जमिनीवर बसून बॅग भरत होती. सकाळच्या गाडीनं ती परत जायची होती. ठमी बाजूला पालथी पडून स्वतःचा मोजा चोखत होती.

"काय झालं सभेत?"

"व्हायचंय काय. मुदतीचं पुढच्या महिन्यात ठरेल म्हणे." बाईंनी हात धुतले, पुसले आणि ठमीला उचललं. ठमीनं आधी त्यांचा चष्मा ओढला.

"मी उद्या रुग्णालयाला नाही म्हणून कळवते," लेक कपड्यांची घडी घालता घालता म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. ते बाईंना जास्त लागलं.

चष्मा सोडवून घेता घेता त्यांनी विचारलं, "तिकडची खोली आवरायला किती दिवस लागतील तुला?"

"आवरायला?" लेकीचा हात थांबला. "आठवडा तरी जाईल. का?"

"मग त्या धुळीत हिला कशाला नेतेस? एकटीच जा. ही राहील."

"इथे?"

लेकीनं आत्याकडे पाहिलं. वन्सं दारातच उभ्या होत्या, एक चप्पल पायात, एक हातात.

"इथेच," बाई म्हणाल्या. "आणि हिच्या दुधात पावडर किती आणि पाणी किती, ते वन्संना नीट सांगून जा. मला नको सांगूस. मी अंदाजानं घालते."