वन्संचा प्रोसेसर

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. रिमोट पिशवीत, गादी कव्हरात, आणि सोफ्यावर कुणी बसलं की माणसाआधी सोफाच कुरकुरतो. लग्न होऊन आले तेव्हा एकदा मी फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक सोलायला गेले, तर सासूबाईंनी असं पाहिलं, जणू मी त्यांचीच साल काढतेय. मी तो नाद सोडला.

माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, सासर सोडून गेल्या वर्षी परत आल्या. तिकडे दूध उतू गेलं तरी दोष यांचा आणि दिवे गेले तरी यांचाच. त्यामुळे ‘माझंच चुकलं असेल’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं बसलेलं. मला त्या वाक्याचा मनापासून राग येतो.

लग्नाआधी त्या इमारतीच्या नकाशावरून कॉम्प्युटरवर फिल्म करायच्या. आपण दार ढकलून आत शिरलोय आणि खोल्याखोल्यांतून हिंडतोय, असं वाटायचं बघताना. आता एका आर्किटेक्ट बाईंनी परीक्षा म्हणून त्यांना एका दवाखान्याची फिल्म करायला दिली होती. सोमवारी दुपारपर्यंत दिली आणि आवडली, तर कायमचं काम. नाहीतर ते दुसऱ्या कुणाला जाणार. एवढ्या कामापुढे कॉम्प्युटरच्या मेंदूने, म्हणजे जुन्या प्रोसेसरने, हात टेकले, म्हणून नवा घ्यायचं ठरलं.

दुकानदार सगळ्यात ताजा माल गळ्यात मारायला बसलाच होता. पण आमच्या मदरबोर्डवर कोणते प्रोसेसर चालतात, ते वन्संनी घरीच बघून ठेवलं होतं. तो ताजा माल कितीही भारी असला तरी आमच्या बोर्डवर बसणारच नव्हता. त्यांनी मागच्या पिढीतला, पण जास्त कोअरचा निवडला, कारण हे काम सगळे कोअर, म्हणजे त्यातले छोटे छोटे मेंदू, मिळून वाटून घेतात. तो तापणार म्हणून त्याच्यावर बसवायला मोठा कूलरही घेतला. हे सगळं त्या इतक्या हळू बोलत होत्या की ऐकायला दुकानदाराला काउंटरवर ओणवं व्हावं लागलं.

बसवायचं काम मात्र माझ्या नवऱ्याने अंगावर घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे स्क्रू असलेली प्रत्येक वस्तू आपली, असा त्याचा समज. खरं सांगायचं तर प्रोसेसर त्याने छानच बसवला. कोपऱ्यातली खूण जुळवली, जोर न लावता ठेवला, खटका लावला, वर उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या पेस्टचा ठिपका दिला आणि त्यावर कूलर आवळला. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा त्याची कॉलर ताठ.

रविवारी सकाळी वन्संनी फिल्म तयार करायला लावली. पंखा बोंबलायला लागला आणि थोड्याच वेळात कॉम्प्युटर आपोआप बंद. पुन्हा लावली, पुन्हा तेच. नवऱ्याने निकाल दिला, माल खराब. दुकानदार फोनवर म्हणाला, तपासून द्यायला आठवडा लागेल. सासूबाईंनी हळूच आठवण करून दिली की मामांच्या दुकानात काउंटरवरची जागा अजून रिकामी आहे.

“माझंच चुकलं असेल,” वन्सं म्हणाल्या. “मीच चुकीचा निवडला.”

माझं डोकंच फिरलं. “चुकीचा आहे का ते आधी बघा, वन्सं. मग हवं तर आठवडाभर रडा, रुमाल मी धुऊन देईन.”

बोलले आणि जीभ चावली. पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी तापमान दाखवणारी खिडकी पडद्यावर उघडली आणि पुन्हा काम लावलं. आकडा बघता बघता शंभराच्या घरात गेला. त्यांनी कूलरच्या धातूला कडेने बोट लावलं, मग मलाही लावायला सांगितलं. धातू जेमतेम कोमट होता.

“खाली एवढं तापलंय आणि वर काही पोचतच नाहीये,” त्या म्हणाल्या. “मधे काहीतरी आहे.”

हात लावू नकोस, वॉरंटी जाईल, असं नवरा म्हणाला. दादाचा शब्द वन्संनी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी वायर काढली आणि स्क्रूड्रायव्हर मागितला, तोही दादाकडेच. त्याने निमूट दिला.

कूलर उचलला. त्याच्या तळाला पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक चिकटलेलं होतं आणि पेस्ट त्याच्यावर पसरली होती. ‘बसवण्याआधी काढा’ असं ठळक छापलंही होतं.

“ते काढायचं असतं?” नवरा म्हणाला.

“नवीन आहे ना,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून ठेवलं असेल त्याने.”

मी हसून लोळायचीच बाकी राहिले. वन्सं हसल्या नाहीत. ते प्लॅस्टिक चिमटीत धरून त्या म्हणाल्या, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.” एवढी साधी गोष्ट त्यांना कधी कुणी सांगितलीच नव्हती.

मग त्यांनी जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवीन लावली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करून आवळले. या वेळी आकडा चढला आणि मधेच शहाण्यासारखा थांबला. रात्रभर कॉम्प्युटर गुणगुणत राहिला. सोमवारी जेवणाआधी फिल्म गेली.

संध्याकाळी आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. फिल्म आवडली होती. फक्त आता त्यांना पेशंटच्या बाकांजवळची मोठी खिडकी काढायची होती आणि तिथे जाहिरातींसाठी भिंत हवी होती. तेवढं करून द्या, म्हणाल्या.

“ती खिडकी मी काढणार नाही,” वन्सं म्हणाल्या. “तिथे आजारी माणसं तासन्‌तास बसणार. त्यांना बाहेरचं दिसायला हवं. जाहिराती जिन्याशेजारी लावा, तिथली भिंत मोकळीच आहे.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेलं काम गेलं, असं मलाही वाटलं. मग पलीकडचं म्हणणं ऐकून वन्सं “चालेल” म्हणाल्या, पुढच्या इमारतीचे नकाशे मागून घेतले आणि फोन ठेवला.

“खिडकी तिथेच राहिली,” एवढंच बोलून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.