वेगळी आहे

कारखान्यात त्यांना समोर साहेब म्हणत आणि पाठीमागे जीभसाहेब. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शहरात हॉटेलात, दुकानात, मॅच बघायला बसलेल्यांच्या हातात जी पिवळी, हलकी बिअर दिसते, ती त्यांच्या जिभेवरून गेल्याशिवाय बाटलीत शिरत नसे. रोज सकाळी, जेवणाआधी, ते आणि त्यांच्या हाताखालचे चाखणारे लाल दिव्याच्या एका खोलीत बसत. दिवा लाल, कारण रंग दिसला की माणूस जिभेऐवजी डोळ्यांनी चव घेतो. अत्तर लावून आलेल्याला दारातूनच परत पाठवलं जाई. समोर ग्लास, पाणी आणि बेचव बिस्किटं. बिअर पिण्याचा पगार मिळतो म्हणून ज्यांना हेवा वाटतो त्यांनी एकदा तिथं येऊन बसावं, असं जीभसाहेब म्हणत.

त्या खोलीत दोनच शब्द चालत. टाकीतली बिअर कालच्यासारखी, गेल्या महिन्यासारखी, गेल्या वर्षीसारखी असली की 'बरोबर'. नसली की 'वेगळी'. छान, मस्त, झकास या शब्दांना तिथं थारा नव्हता. नव्याने आलेल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी 'मला आवडली' असं म्हटलं, तेव्हा तुमची आवड इथं विचारली कुणी, असं जीभसाहेबांनी त्यांना शांतपणे विचारलं होतं. 'वेगळी' हा शब्द उच्चारला की ती टाकी गटारात. अख्खी. मालक आला तरी त्यावर ब्र काढत नसे.

अशा माणसाला बाकीचं जग तुच्छ वाटायला वेळ लागत नाही. परदेशी हिरव्या बाटलीतल्या बिअरचं नाव काढलं की ते नाक मुरडत. हिरव्या काचेतून ऊन आत शिरतं, बिअरला मांजराने कोपरा ओला केल्यासारखा वास येतो, आणि लोक त्यालाच उंची समजून पितात. काळ्या बिअरला ते जळलेल्या पावाचं पाणी म्हणत. आणि अलीकडे गल्लोगल्ली निघालेल्या छोट्या टाक्यांच्या, हातच्या म्हणवणाऱ्या बिअरबद्दल बोलताना तर त्यांच्या अंगात यायचं. कॉफी घाल, मिरी घाल, संत्र्याची सालं घाल, बिअर सोडून सगळं घाल. ज्याला दोनदा सारखी करता येत नाही तो दर वेळी नवीन केली म्हणून मिरवतो, एवढाच त्या धंद्याचा अर्थ आहे, असं त्यांचं मत होतं.

आणि नेमका हाच धंदा त्यांच्या जावयाने काढला.

जावईबापू आधी ऑफिसच्या खुर्च्या विकत. मग कसलासा छोटा कोर्स केला, दाढी वाढवली, टायरचं एक जुनं गोदाम घेतलं आणि त्यात चकचकीत टाक्या उभ्या केल्या. ते त्याला ब्रुअरी म्हणत, जीभसाहेब भट्टी म्हणत. एवढ्यावर भागलं असतं तर जीभसाहेबांनी हसून सोडून दिलं असतं. पण मुलीनेही दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडली आणि रबरी बूट घालून टाक्या धुवायला लागली. ते मात्र त्यांना झोंबलं. भट्टी सुरू झाल्यापासून त्यांनी तिथली बिअर ओठाला लावली नव्हती. मुलगी दर सणाला, म्हणजे तिच्या मते सण असलेल्या दर रविवारी, बोलवायची आणि ते दर वेळी पोटाचं निमित्त काढायचे. आयुष्यभर बिअर पिऊन ज्याचं पोट बिघडलं नाही त्याचं रविवारी बरोबर कसं बिघडतं, असं बायको विचारायची.

शेवटी भट्टीत गिऱ्हाइकांसाठी केलेल्या चाखण्याच्या खोलीचं उद्घाटन ठरलं. पाहुणे येणार होते, वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहिणारा एक लेखक येणार होता, आणि त्याने चांगलं लिहिलं नाही तर भट्टीचं दार पुन्हा टायरवाल्याला उघडून द्यावं लागेल हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीने फोन केला. या वेळची टाकी साधी पिवळी केली आहे, आत काहीही घातलेलं नाही, तुम्हाला चालते तशी, असं तिने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "एकदा तुमची जीभ लावा, बाबा. मग मी पुन्हा नाही विचारणार."

ते गेले.

जावईबापूंनी लांब टेबलावर पाच ग्लास मांडले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी, आणि शेजारी एक छोटी बादली. बादली कशाला, असं जीभसाहेबांनी विचारलं. चव घेऊन थुंकायला, असं जावईबापू म्हणाले. त्यांनी कुठंतरी वाइनवाल्यांना तसं करताना बघितलं होतं. बिअरचा कडवटपणा घशाशी कळतो, बिअर चाखणाऱ्याला थुंकायची सोय नसते, एवढं ज्याला माहीत नाही तो बिअर करायला निघाला आहे, हे बघून जीभसाहेबांचं मन भरून आलं. इतका चांगला रविवार त्यांना बऱ्याच दिवसांत लाभला नव्हता.

पहिला ग्लास त्यांनी नुसता हुंगला. ही आमची, पण दुकानदाराने उन्हात उभी करून ठेवली होती, दुकान बदला. दुसरी हिरव्या बाटलीतली, तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तिसरी कुणा दाढीवाल्याची: बिअरला कडू करणारी हॉप्सची फुलं पोतंभर ओतली आहेत, म्हणजे खाली काहीतरी लपवायचं होतं. चौथीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे, हिला कुणी विचारत नसल्यामुळे ती दुकानात म्हातारी झाली. जावईबापू एकेक चिठ्ठी उलटत होते आणि एकेक खरं निघत होतं. यात मला पावसानंतरचं जंगल जाणवतं, असं ते तिसऱ्या ग्लासाबद्दल मध्येच म्हणाले. जीभसाहेबांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं.

पाचवा ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि क्षणभर त्यांना वाईट वाटलं, कारण तो चांगला होता. भाजलेलं धान्य, फुलांचा हलका वास, सगळं स्वच्छ. आत काही घातलेलं नव्हतं. पोरीने ऐकलं होतं. मग त्यांनी घोट घेतला, आणि मागून लवंगेचा वास आला, जरासा धुरकट. त्यांनी दुसरा घोट घेतला. शंकाच नव्हती. नळीच्या कुठल्यातरी सांध्यात, नीट न धुतलेल्या, रानटी यीस्ट शिरलं होतं. आज नुसता वास होता. पण ही बिअर बाटल्यांत भरली की ते आत बसून उरलीसुरली साखर खाणार, गॅस करत राहणार, आणि थोड्याच दिवसांत पाहुण्यांच्या कपाटात बाटल्या फुटणार.

जावईबापू श्वास रोखून उभे होते. मुलगी बूट न काढताच दारात येऊन थांबली होती.

"वेगळी आहे," जीभसाहेब म्हणाले.

जावईबापूंनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या जगात याहून मोठी पदवी नव्हती. तिथं सगळे रात्रंदिवस वेगळं होण्यासाठीच तर झुरत असतात. त्यांनी सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि लेबलवर हाच शब्द छापायचा म्हणून छापखानेवाल्याला फोन लावायला बाहेर पळाले.

मुलगी हलली नाही. "वेगळी म्हणजे?" तिने विचारलं.

"वेगळी म्हणजे वेगळी," ते म्हणाले आणि टोपी उचलून निघाले.

वाटेत त्यांना स्वतःचा रागही आला नाही. आपण खोटं बोललो नाही. कारखान्यात मालकाला सांगितला असता तोच शब्द आपण जावयाला सांगितला. त्याला धंद्याची भाषा कळत नसेल तर तो त्याचा प्रश्न. जावईबापू लवकरच परत खुर्च्या विकायला लागतील, असं त्यांनी घरी येऊन बायकोला मजेत सांगितलं. "आणि ती?" बायकोने विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

दोन दिवसांनी लेबलचा फोटो आला. मोठ्या अक्षरांत 'वेगळी आहे', आणि खाली: एका नामवंत कारखान्याच्या मुख्य चाखणाऱ्यांचा शब्द. जीभसाहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मुलीला फोन करावा असं त्यांच्या मनात आलं. फोन हातात होता. पण फोन केला असता तर जावई वाचला असता, आणि तेवढं त्यांच्याने होईना. ते मूग गिळून बसले.

उद्घाटनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तमाशा बघायला माणूस नीटच जातो. गोदाम माणसांनी भरलं होतं, दाढ्याच दाढ्या. नाकाने कांदे सोलणाऱ्यांची एवढी गर्दी त्यांनी एका छपराखाली कधी बघितली नव्हती. कुणी ग्लास दिव्यासमोर धरत होतं, कुणी डोळे मिटून मान हलवत होतं. जावईबापू नळाशी उभे राहून सगळ्यांना सांगत होते की कालपासून ती आणखी खुलली आहे, मुरली आहे. जीभसाहेबांनी ग्लास घेतला आणि लवंगेची वाट बघत घोट घेतला.

लवंग नव्हती.

त्यांनी परत घोट घेतला. काहीच नव्हतं. म्हणजे सगळं जिथल्या तिथं होतं. ही चव त्यांना झोपेतही ओळखू आली असती. नुकतीच त्यांनी स्वतः लाल दिव्याखाली हिला 'बरोबर' म्हणून सोडलं होतं. ते ग्लास घेऊन तडक मागे गेले. मुलगी मोरीशी उभी राहून ग्लास विसळत होती.

"ही आमची आहे," ते म्हणाले.

"हळू बोला. हो." तिने नळ सोडूनच ठेवला. "आमची टाकी परवा पहाटे गटारात सोडली. तो लेबलं आणायला गेला होता. तुमच्याकडची पिंपं मागवून टाकीत ओतली. बाटल्यांतही तीच आहे, फुटायची नाही."

"त्याला कळलं नाही?"

"काल चाखली त्याने. म्हणाला, मुरली."

जीभसाहेबांना हसू फुटणार होतं. बाहेर शंभर शहाणे त्यांच्याच कारखान्याच्या बिअरसमोर डोळे मिटून उभे होते. पण मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

"मी तुमच्या घरात वाढलेय, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही 'वेगळी' म्हणून घरी आलात की त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलायचं नाही, हे मला अक्षरं शिकायच्या आधीपासून माहीत आहे. त्याला नाही माहीत. आणि त्याला माहीत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी हातातला ग्लास मोरीच्या कडेला ठेवला.

"मी विचारलं होतं तुम्हाला. 'ओतून टाक' एवढंच म्हणायचं होतं. मी तेव्हाच ओतली असती." तिने ग्लास उपडा ठेवला. "सांधे सगळे काढून मी स्वतः धुतलेत. पुढची नीट होईल. आजचा दिवस निघायला हवा, बस."

बाहेरून जावईबापूंनी हाक मारली, बाबा कुठं आहेत, बाबांना बोलवा. खाण्यापिण्यावर लिहिणारा लेखक टेबलाच्या मध्यभागी उभा राहून बोलत होता. मोठ्या कारखान्यांच्या बिअरमध्ये जे मेलेलं असतं ते इथं जिवंत आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. हातची ती हातची, असं म्हणत त्याने ग्लास रिकामा केला आणि जीभसाहेबांकडे वळला. तुमचा शब्द लेबलवर वाचला, पण तुमच्या तोंडून ऐकायचा आहे, असं तो म्हणाला. जावईबापूंनी त्यांच्या हातात भरलेला ग्लास दिला.

जीभसाहेबांनी तो हुंगला. एक शब्द त्यांच्या ओठांवर आपोआप आला. इतकी वर्षं रोज येत होता तसाच. तो खरा होता. तो उच्चारला असता तर लेखकाने विचारलं असतं, बरोबर म्हणजे कशासारखी? आणि मग त्या गर्दीतल्या प्रत्येकाची खोड एका वाक्यात मोडता आली असती. आयुष्यात एवढा सोपा, एवढा गोड घाव त्यांच्या हाताशी कधी आला नव्हता. मोरीच्या दारात मुलगी ओले हात पुसत उभी होती.

"वेगळी आहे," जीभसाहेब म्हणाले.

टाळ्या पडल्या. लेखकाने लिहून घेतलं. आपल्या हाताने राखलेल्या, आपणच बरोबर ठरवलेल्या बिअरला त्यांनी आज चारचौघांत गटारात सोडलं होतं, आणि ते कळणारं माणूस तिथं एकच होतं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती आत ग्लास धुवायला गेली.

जावईबापूंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. ते आनंदाने शेफारले होते, आणि आज त्यांना कुणीही काहीही बोलू शकत नव्हतं. "खरं सांगा हं बाबा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या कारखान्यात होईल का अशी कधी?"

टेबलाच्या कडेला थुंकायची ती छोटी बादली अजून ठेवलेली होती.

"नाही," जीभसाहेब म्हणाले. "आमच्याकडे अशी होत नाही." मग त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत गिळला.