ठेक्याच्या मागे

प्रणिताने कीबोर्डवरचे दोन्ही हात एकदम उचलले. ड्रमवर निलेशचा ठेका अजून चालूच होता.

"थांबा हो! कितीदा सांगू? स्विंग आहे हे. गप्पा मारत झपझप चालल्यासारखं. तुम्ही तर पोतं ओढताय."

"ओढत नाय. जरा मागून येतोय."

"मघाशी बीबॉपलाही मागूनच आलात. बीबॉप म्हणजे सुटलेली एसटी धरायला धावणं. ती तुमच्यासाठी थांबते होय?"

निलेशने जांभई दाबली. धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून सकाळी सुटून तो जेमतेम झोपला होता. लग्न झाल्यापासून रोह्याच्या या घरात दोघं आपल्यापुरतं जॅझ वाजवत आली होती. शनिवारी मात्र महामार्गावरच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर त्यांचं वाजवणं ऐकणार होता. पसंत पडलं, तर दर शनिवारी कार्यक्रम. प्रणिताला तो हवाच होता.

"बॅलड घेऊ," तो म्हणाला.

बॅलड आधीच संथ. दोन ठोक्यांच्या मधे श्वास घेऊन सोडावा इतकं. त्याने तेही आणखी मागे खेचलं. प्रणिताने कीबोर्डचं बटण बंद केलं.

निलेश स्टिक्स पुसत बसला. मग म्हणाला, "पेणच्या साहिलला विचार. पोरगा ठेक्याला पक्का हाय. मॅनेजरला सांग, मला शिफ्ट हाय."

"आहे का?"

"मागून घेईन."

ती नको म्हणाली नाही.

गुरुवारी ती पेणला साहिलकडे तालमीला गेली. त्याने एक ते चार मोजले, स्विंग सुरू झालं, आणि त्यानेच थांबवलं.

"मॅडम, मागे पडताय."

बीबॉपला तो पुढे निघून गेला. बॅलडला त्याने स्टिक्स मांडीवर आपटल्या.

"ठोका पडून गेल्यावर येताय तुम्ही! प्रत्येक वेळी! कुणाची वाट बघताय?"

"परत घेऊ," ती म्हणाली.

साहिलने पुन्हा चार मोजले. ठोका पडला. तिची बोटं पट्ट्यांवर टेकली होती. दाबायच्या आधी ती थांबलीच.

पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागायची होती. कीबोर्डची बॅग पायाशी ठेवून तिने फोन लावला.

"शिफ्ट मागितलीत?"

"नाय अजून."

"मागू नका."

"का गो? साहिल नाय म्हणाला?"

"बॅलड बसलेलं नाही अजून आपलं," ती करवादली. "जेवून लगेच ड्रमवर बसा."