धुरपताबाईच्या घराचा कागद

मी खुशाल. पस्तीस वर्षं लोकाच्या जमिनी मोजल्या, अन् आता रिटायर होऊन चंद्रपुरातल्या परकोटाच्या आतली जुनी घरं उकरून राह्यलो. कोणतं घर कोणी बांधलं, कोणी विकलं, कोणत्या भिंतीमागं काय दडलं, हे शोधाचं. बायको म्हणते, "लोकाच्या घरची उठाठेव तुमाले काऊन पाह्यजे?" म्हणू दे. आजवर एकाही घरानं मले हरवलं नव्हतं.

मग धुरपताबाई आली. पठाणपुऱ्याकडच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं मातीचं घर. रस्ता रुंद होऊन राह्यला, अन् तिच्या भिंतीवर लाल फुली. कागद असला तर बदल्यात दुसरी जागा, नसला तर अतिक्रमण. सामान उचला अन् निघा. सुनावणी सोमवारी. बाई पंच्याहत्तर वर्षांची, मागं ना लेक ना लेकरू.

"जमीन मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची; बाबानं त्याच्याकडून लेखी घेतलं होतं, खुशालभाऊ," ती म्हणे. "मायच्या तोंडून शंभरदा आयकलं. पण तो कागद मी कधी पाह्यला नाई."

"नाई शोधला तर नावाचा खुशाल नाई," मी म्हणलो. लय फुशारकी.

रजिस्ट्री झालीच नव्हती, हे दोन दिवसांत समजलं. म्हणजे दुनियेत तो एकच कागद. मग मी भिंती ठोकाले लागलो. मधल्या खोलीत एक जागा पोकळ वाजली. बाईच म्हणाली, "फोडा." लेप पडला अन् आत निघाला कोनाडा. तेलाची काजळी, कुंकवाचे डाग. जुना देव्हारा! मी आत हात घातला. पण आत काहीच नाई, बापा. पार रिकामा.

"कोणी बुजवला हा?"

"मी तेव्हा लहान असन. सोमाजीदादाले इचारू."

सोमाजी तिचा थोरला भाऊ, ब्रह्मपुरीले पोरीकडे राह्यते. सकाळच्या बशीनं आम्ही दोघं गेलो. चौऱ्यांशी वर्षांचा म्हातारा, पण आवाज खणखणीत. कोनाड्याचं आयकताच खुलला.

"छप्पन साली आमचा बाबा बुद्धाची दीक्षा घेऊन आला ना, तर अंगणातूनच वरडला, काढा ते देव! टाक, नारळ, खालचं फडकं, सगळं टोपलीत भरा, एक धागा ठेवू नोका. टोपली मीच डोक्यावर घेतली. झरपट नदीत पालथी केली. बाबा काठावर रडे, पण आनंदानं. घरी येऊन कोनाडा बुजवला."

"अन् घराचा कागद कुठी ठेवत होते?" मी इचारलं.

"जोखमीची वस्तू देवाखालीच ठेवाची, गा. तिथी कोणी हात लावत नाई..." म्हातारा मधेच थांबला. "फडक्याच्या घडीत काहीतरी करकर वाजलं होतं."

सत्तर वर्षं त्यानं तो दिवस मिरवला होता. आता बहिणीकडे पाहून म्हणे, "मी बुडवला, धुरपता?" बाईनं त्याचा हात धरला. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाले इचारलं मी?

परतताना बशीत मी हळूच म्हणलो, "बाई, जुना कागद आहे माझ्याकडे. तसलं अक्षरही येते मले. सोमवारपर्यंत बनवून देतो."

"त्या दिवशी बाबानं खोटं न बोलाचं शील घेतलं, खुशालभाऊ," ती म्हणे. "त्याच दिवशी गेलेल्या कागदासाठी मी खोटं बोलू?"

असा राग आला मले! बाईचा नाई. कोणाचा, तेही सांगता येत नाई.

सोमवारी साहेब निघाला तरुण पोरगा, धम्मदीप नावाचा. बाईनं त्याले सगळं खरं सांगितलं, नदीपर्यंत. तो आयकत राह्यला. मग खुर्चीवरून उठला अन् तिच्या पाया पडला.

"आजी, माझ्या पणजोबांनीही त्याच दिवशी देव नदीत सोडले. पण मी काय करू? कागद नाही, असंच लिहावं लागेल."

"लिही, बाबू. पण बाबाची काही चूक नव्हती, एवढंही लिही."

त्यानं समोरचा छापील फॉर्म वरून खालपर्यंत पाह्यला.

"त्याला जागा नाही, आजी," तो म्हणाला, अन् सही केली.