स्वेटरसकट वजन

पिप्.

दुपारच्या निजलेल्या घरात तो एवढासा आवाज केवढा तरी मोठा वाटला. मयुरानं दचकून शेजारी झोपलेल्या लेकीकडे, मिनलकडे पाहिलं. पोरगी ढिम्म हलली नव्हती. आवाज कोपऱ्यातल्या वजनकाट्याचा होता. कळमन्याच्या मागल्या वस्तीतल्या अंगणवाडीचा हा काटा मयुरानं सेल बदलायला घरी आणला होता, आणि मिनलच्या अंगातून काढलेलं स्वेटर, टोपी, बूट तिनं न बघता त्याच्यावरच टाकले होते.

सहाशे ऐंशी ग्रॅम.

तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिला अंगणवाडीतल्या पोरांची स्वेटरं आठवली.

स्वेटरं विणली होती रंभाबाईनं, तिच्या मदतनीसबाईनं. एकवीस पोरांची एकवीस, चांगली दुहेरी लोकरीची. गारठ्यात ती कुणाच्या अंगातून काढू म्हटलं तर रंभाबाई देईना, म्हणून या महिन्याची वजनं स्वेटर, टोपी, बुटांसकटच झाली. आणि मयुराच्या केंद्रात पहिल्यांदाच कमी वजनाचं एकही मूल निघालं नाही. सुमती मॅडमनं, म्हणजे त्यांच्या पर्यवेक्षिकेनं, मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. पण कमी भरलेल्या पोरांना रोज जादाचं अंडं मिळायचं, आणि त्या यादीत आता तिच्या केंद्रापुढे शून्य पडलं होतं. यादी उद्या दुपारी वर जायची होती.

तिनं फोन लावला.

"मॅडम, माझी चूक झाली. उद्या सकाळी परत वजनं घेते."

सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "अवं, टाळ्या अजून कानात आहेत माझ्या. वर काय सांगू? आठ दिवसांत पोट्टे वाळले म्हणून?"

"पोट्टे होते तेवढेच आहेत, मॅडम. आकडा फुगला होता."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "बाराच्या आत पाठव. न् या खेपेले कपडे काढून घे, माय."

सकाळी रंभाबाईला सांगणं जास्त अवघड गेलं. हातातला झाडू तसाच धरून तिनं विचारलं, "म्हणजे माह्या लोकरीनं पोट्ट्यायचं अंडं खाल्लं?"

"आकडा मीच लिहिला ना, मावशी. तुम्ही काहून मनाले लावून घेता?"

रंभाबाईनं झाडू कोपऱ्यात टेकवला. मग तिनंच उन्हात सतरंजी अंथरली. एकेकाचे बूट-टोपी उतरवायचे, स्वेटर काढायचं, ते आपल्या मांडीखाली ऊबेला दाबून ठेवायचं, आणि पोर काट्यावरून उतरलं की गारवा झोंबायच्या आत पुन्हा डोक्यातून घालायचं. चार वर्षांचा गोलू काट्यावर उभा राहिनाच. त्याला गुदगुल्या होत होत्या.

"खांबासारखा उभा राह्य गा," रंभाबाई म्हणाली. "पाय हालवशीन तर मयुराताई हत्ती लिहून ठेवतीन."

गोलू बारा किलो चारशे भरला. मागल्या खेपेला तेरा शंभर होता. मयुरानं तक्त्यातला त्याच्या वयासमोरचा आकडा दोनदा पाहिला. कमी. असे सहा निघाले. सहाही नावांपुढे तिनं खरं वजन टाकलं, शेजारी 'स्वेटर काढून' लिहिलं आणि पावणेबाराला यादी पाठवून दिली. मग एवढं हलकं वाटलं की रंभाबाईच्या हातचा काळा चहासुद्धा तिनं गोड मानून घेतला.

पुढच्या महिन्यापासून अंडी आली. रंभाबाई ती स्वतः सोलायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. सहाजण ओळीनं बसत. गोलू आधी पांढरं खायचा, पिवळं शेवटाला ठेवायचा.

मिनल आपल्या खिचडीची ताटली घेऊन त्याच्या समोरच बसली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून आईजवळ आली आणि तिचा पदर ओढून तिनं विचारलं,

"आई, मी कधी कमी भरीन वं?"