एका ओळीतली धाकटी

मी बोलतोय तो कपाटाच्या माथ्यावरून. एका लेखिकाबाईंचं चरित्र आहे मी, छोट्या वाचकांसाठी मोठ्या टायपात छापलेलं. माझ्यातल्या बाई कधी खोटं बोलत नाहीत, कधी चिडत नाहीत. चरित्रातली माणसं अशीच असतात, काय करणार!

रद्दीच्या दुकानातून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं आणलं, तिच्या लेकीसाठी. लेकीला सगळे चिमणी म्हणायचे. चिमणीला माझे जुने शब्द भारी आवडले. कपाटाला ती फडताळ म्हणू लागली, कडीला अडसर. हात धुवायला तिनं तस्त मागितलं, तेव्हा आई मशीन थांबवून हसली.

"बाईसाहेब, नळावर जा!"

मीही फुशारलो. इतकं मन लावून मला कुणीच वाचलं नव्हतं.

मग एका दुपारी चिमणी म्हणाली, "मला मंचकावर निजव. अंग तापलंय."

आईनं कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. "हा शब्द कुठला गं नवीन?"

"धाकटीनं शिकवला. पुस्तकातल्या."

मी पानन् पान आठवून पाहिलं. मंचक माझ्यात कुठेच नाही. धाकटी आहे, पण एका ओळीपुरती: 'त्यांची धाकटी बहीण लहानपणीच तापाने गेली.' साधं नावही दिलेलं नाही. मुलांच्या पुस्तकात दुःख कशाला, म्हणून आवरतं घेतलं होतं. मला भीती वाटू लागली.

पुढे एक जुना शब्द आला की चिमणीचा एक शब्द जायचा. आधी फ्रिज गेला, मग सायकल. ती नुसतं बोट दाखवायची. एके सकाळी तिनं आईकडे बोट दाखवलं आणि नुसतेच ओठ हलवत राहिली.

आईला पुस्तकातली धाकटी आठवली. तिनं मला उघडलं, ती ओळ शोधली, तिच्यावर हात ठेवला.

"पोरी, माझ्या लेकीचे शब्द नको गं घेऊस. बोलायचंय ना तुला? माझ्याशी बोल. नाव काय तुझं?"

मग चिमणी "आई" म्हणत तिला बिलगली आणि ढसाढसा रडली.

आता मी इथे सुतळीनं बांधलेला पडून आहे. ती ओळ माझ्यातून गेली, तिथे कोरी जागा आहे. छोट्यांनो, जुने शब्द जरूर शिका. फक्त शिकवतंय कोण, तेवढं बघून घ्या.

काल चिमणी शाळेत गेल्यावर आईनं एक फ्रॉक बेतायला घेतला, चिमणीहून लहान मापाचा. टेप हवेत धरून ती म्हणत होती, "हलू नकोस गं. गुदगुल्या होतात का?"